मल्लूअण्णांचा व्हरांडा

आमच्या ऑफिसच्या पाटीवर दोन गावं होती. वर मोठ्या अक्षरांत 'हत्तुरे आणि म्याकल, वास्तुशिल्पी', आणि त्याखाली जरा बारीक अक्षरांत 'सोलापूर – लुसाका'. ही पाटी एका चादरीच्या दुकानाच्या माथ्यावर होती. दुकानाच्या बाजूनं अरुंद जिना वर यायचा. जिना चढून धापा टाकत आलेला माणूस बसायच्या आधी हमखास विचारायचा, "लुसाका म्हणजे लातूरच्या अलीकडं का पलीकडं?"

मल्लूअण्णा गंभीर चेहऱ्यानं सांगत, "पलीकडंच. पण यष्टी जात नाही."

मल्लूअण्णा म्हणजे मल्लिकार्जुन हत्तुरे, पाटीवरचे पहिले भागीदार. दुसरे भागीदार व्यंकटेश म्याकल, हे शहराच्या पूर्व भागातल्या तेलुगू विणकर घरातले. दोघं शाळेत एका बाकावर बसले, मुंबईला एका खोलीत राहून वास्तुकला शिकले आणि परत येऊन दोघांनी हे ऑफिस काढलं. पुढं म्याकलसाहेबांना आफ्रिकेत, झांबिया देशात सरकारी नोकरी मिळाली. लुसाका ही तिथली राजधानी. काही वर्षांनी नोकरी सोडून त्यांनी तिथंच स्वतःचं काम सुरू केलं. लोकांना वाटलं, आता भागीदारी मोडणार. अण्णांनी पेंटरला बोलावून पाटीवर लुसाका वाढवून घेतलं. "भागीदारी मोडायला वकील लागतो," ते म्हणायचे, "गाव वाढवायला पेंटर पुरतो."

मी करमाळा तालुक्यातल्या केमचा. आमच्या घरात कॉलेजात गेलेला मी पहिलाच. पदवीचा कागद घेऊन मी या जिन्यानं वर गेलो, तेव्हा अण्णांनी तो वाचला नाही. चहाच्या ग्लासावर माशी बसत होती, म्हणून तो त्यांनी ग्लासावर झाकला आणि विचारलं, "केममधलं तुझं घर कुठल्या तोंडाचं?"

"पश्चिमेच्या."

"उन्हाळ्यात दुपारी आई धान्य निवडायला कुठं बसती?"

"पडवीत. भिंतीला टेकून."

"आणि सुपात ऊन आलं की?"

"सरकते."

"किती?"

"हातभर. मग परत थोड्या वेळानं हातभर."

अण्णांनी ग्लासावरचा कागद काढून माझ्या हातात दिला. त्यावर चहाचं गोल वर्तुळ उमटलं होतं. "मग तू शिकलेला हायस. उद्यापास्नं ये. कॉलेजात शिकवलंय ते हळूहळू विसरशील, घाई नाही."

ते वर्तुळ अजून त्या कागदावर आहे. मी तो तसाच फ्रेम करून घेतला. पुढं माझ्या दोन्ही धाकट्या भावंडांची शिक्षणं त्या नोकरीवर झाली. त्यामुळं त्या डागाला मी डाग म्हणू शकत नाही.

अण्णा बुटके, रुंद, सावळे होते. पांढरा अर्ध्या बाह्यांचा सदरा घालत आणि बारा महिने त्यांच्या हातात काळी छत्री असे. सोलापुरात छत्री लागते अशी पावसाची ख्याती नाही. पण अण्णांची छत्री पावसासाठी नव्हतीच. तिच्या दांड्यावर त्यांनी पांढऱ्या रंगानं फुटांच्या खुणा केल्या होत्या. लग्नाला गेले तरी मांडवाचा खांब छत्रीनं मोजत. रिकाम्या जागेवर गेले की ती उभी धरून तिची सावली पाहत आणि तिथल्या तिथं सांगत, "हितं न्हाणी. हितं तुळस. हितं तुमचं भांडण होणार, म्हणून हितं जागा मोठी ठेवू."

त्यांचं एक ठरलेलं वाक्य होतं. ज्या गावात आपला सदरा घामानं भिजला नाही, त्या गावात पेन्सिल टेकवायची नाही. माळशिरसला एका बागायतदाराचं घर करायचं होतं, तर तिथं जाऊन ते ऐन वैशाखात एक दिवस नुसते बांधावर बसून राहिले. बागायतदारानं घाबरून डॉक्टर आणला.

ऑफिसात भिंतीवर दोन घड्याळं होती. एक आपलं, एक लुसाकाचं, आपल्यापेक्षा साडेतीन तास मागं. हे दुसरं घड्याळ म्याकलसाहेबांशी फोनवर बोलण्यासाठी लावलं होतं म्हणे. पण परदेशी फोन लागणं इतकं दुर्मीळ होतं, की अण्णांनी ते निराळ्या कामाला लावलं. कंटाळवाणा ठेकेदार येऊन बसला की अण्णा घड्याळाकडं बघून दचकत. "अरे, लुसाकात ऑफिस उघडलं की. आता फोन यायचा. तुमी उद्या या." ठेकेदार बिचारा पाय न वाजवता जिना उतरायचा. आणि आमच्यापैकी कुणी उशिरा आला, की त्याला त्या घड्याळाखाली उभं करून म्हणायचे, "का बे, आज लुसाकाच्या हिशेबानं लई लवकर आलास. बाहेर जाऊन बस, अजून झाडलं नाही तिथं."

आमचे ड्राफ्ट्समन नझीरभाई एकदा उलट म्हणाले, "अण्णा, पगार भी लुसाका के हिसाब से देव ना." त्यानंतर आठवडाभर अण्णा त्या घड्याळाबद्दल बोलले नाहीत.

पण अण्णा सोलापूरभर माहीत होते ते फक्कीमुळं. फक्की म्हणजे चुन्याची भुकटी. खेळाच्या मैदानावर रेघा मारतात ती. पाया खोदायच्या आधी सगळेच फक्की मारतात. अण्णांची रीत वेगळी होती. नकाशा पक्का व्हायच्या आधीच ते मोकळ्या जागेवर अख्ख्या घराची खऱ्या मापाची फक्की मारून घेत आणि घरमालकाला सहकुटुंब एक दुपार त्या रेघांत राहायला लावत. भिंती नाहीत, छत नाही, नुसत्या पांढऱ्या रेघा. आत सतरंज्या, पाण्याची कळशी, डबे. आणि नियम एकच, भिंतीतून जायचं नाही.

एका वकीलसाहेबांच्या घराची अशी फक्की मारली, ती मी पाहिलेली पहिली. वकीलसाहेब, त्यांची बायको, आई, तीन मुलं. वकीलसाहेबांच्या आई रेघ ओलांडून सरळ चुलीकडं निघाल्या.

"आज्जी, भिंतीतनं जायलाव की," अण्णा ओरडले.

आज्जींनी पाय मागं घेतला, पदर सावरला आणि फिरून दारातून आत गेल्या. दारात त्यांनी उंबरठ्यासाठी पाय उचलला. उंबरठा अण्णांनी काढलाच नव्हता. अण्णांनी मला खूण केली, लिहून घे, उंबरठा पाहिजे.

थोड्या वेळानं अण्णा वकीलसाहेबांना म्हणाले, "आता तुमी संडासात बसा."

"म्हणजे?"

"त्या चौकोनात. उकिडवं. पाहुणे यायच्या आत."

वकीलसाहेब हसत हसत जाऊन बसले. तोवर अण्णांनी रस्त्यावरून जाणारे त्यांचे दोन पक्षकार गाठले होते. त्यांना मानानं बैठकीत बसवलं, चहा दिला. पक्षकार समोर बघतात तर त्यांचे वकील उकिडवे बसलेले. मध्ये फक्त एक पांढरी रेघ, आणि रेघेत दार म्हणून सोडलेली मोकळी जागा, नेमकी बैठकीसमोर. पक्षकारांनी रामराम केला. वकीलसाहेबांनी सवयीनं हात जोडले आणि बसल्या जागी विचारलं, "तारीख काय पडली?"

त्या संडासाचं दार त्याच संध्याकाळी मागच्या बाजूला गेलं. वकीलसाहेबांनी घर बांधलं, त्यात आयुष्यभर राहिले आणि पाहुण्यांना ते घर दाखवताना ही गोष्ट मात्र कधी सांगितली नाही. ती पक्षकारांनी सांगितली.

असं सगळं चाललं होतं, पण दुष्काळाच्या वर्षांत घरं बांधणारे कमी झाले. खेड्यातले लोक दुष्काळी कामावर खडी फोडत होते, शहरातले हात आखडून बसले होते. आमच्याकडं येणारी माणसं चहा पिऊन जायची. लुसाकातून म्याकलसाहेब प्रत्येक पत्रात तेच लिहीत होते, की इथं काम भरपूर आहे, सोलापूरचं ऑफिस बंद कर आणि तू इकडं ये. अण्णा ते वाचून खिडकीतून खाली बघत. खालच्या दुकानात चादरींच्या घड्या पडत असायच्या.

"जायचं का अण्णा?" मी एकदा विचारलं.

"जातो की. पण तिथं मला बे म्हणणारं कोण हाय?"

शेवटी म्याकलसाहेबांनीच मधला मार्ग काढला. लुसाकाबाहेर मुलींची एक शाळा व्हायची होती. तिचे नकाशे सोलापुरात काढायचे. शाळेच्या मुख्याध्यापिका मिसेस तेंबो डिसेंबरच्या सुट्टीत पुण्याला एका परिषदेसाठी येणार होत्या. म्याकलसाहेब स्वतः त्यांना सोलापूरला घेऊन येणार. बाईंना काम पसंत पडलं, तर पुढच्या शाळांचे नकाशेही इथंच निघतील आणि ऑफिस चालेल. नाही पडलं, तर मार्चअखेर कुलूप. अण्णांनी आम्हाला हे चहाच्या वेळी सरळ सांगितलं. मी रात्री खोलीवर जाऊन घरी पत्र लिहायला घेतलं आणि ते न लिहिताच झोपलो.

दुसऱ्या दिवशी नझीरभाईंनी टी-स्क्वेअरची पट्टी पुसता पुसता विचारलं, "अण्णा, तुमारा सदरा लुसाका में कब भीगा?"

आम्ही सगळे थांबलो. वाक्य अण्णांचंच होतं.

अण्णा म्हणाले, "व्यंक्याचा भिजलाय. भागीदाराचा अर्धा घाम माझा."

आणि आम्ही कामाला लागलो. तशी सुंदर शाळा अण्णांनी आधी कधी काढली नव्हती. एका रांगेत वर्ग, आणि वर्गांच्या पूर्ण लांबीला दक्षिणेकडून एक खोल, गार व्हरांडा. "ऊन व्हरांड्यात थांबलं पायजे," अण्णा सांगायचे, "वर्गात आलं तर पोरी झोपतील." उत्तरेला मोठ्या खिडक्या, तिकडून मऊ उजेड. रस्ता पूर्वेला होता, म्हणून फाटक पूर्वेला. नकाशांच्या गुंडाळ्या लुसाकाला गेल्या, म्याकलसाहेबांनी प्रत्येक माप तपासून परत पाठवल्या. एका जिन्याच्या पायरीची उंची त्यांनी दोनदा विचारली. बाकी सगळं उत्तम, असा शेरा आला.

ते दोघं आले, तेव्हा अण्णांनी स्टेशनवरच सांगून टाकलं, "नकाशा नंतर. आधी शाळेत जाऊ."

शहराच्या दक्षिणेला तेव्हा नुसता माळ होता. आज तिथं जुळे सोलापूर आहे, बंगले आणि फ्लॅट आहेत. त्या माळावर आम्ही आदल्या दिवशी पूर्ण शाळेची फक्की मारून ठेवली होती. आणि शाळा तपासायची तर मुलं पाहिजेत, म्हणून अण्णांनी जवळच्या एका शाळेचा चौथीचा वर्ग त्यांच्या गुरुजींसकट आणून बसवला होता. पोरं रेघांच्या आत मांडी घालून बसली होती. गुरुजी हवेत फळा धरून गणित शिकवत होते.

मिसेस तेंबो उंच, भारदस्त बाई होत्या. डोक्याला रंगीत कापड बांधलेलं. त्या फाटकातून आत आल्या, फाटक होतं तिथूनच. एक पोरगा लघवीला म्हणून उठला आणि खिडकीतून निघाला.

"दारातनं जा बे," अण्णा म्हणाले.

म्याकलसाहेबांनी त्याचं इंग्रजीत भाषांतर केलं. 'बे' या सोलापुरी सलगीच्या हाकेचं भाषांतर करताना ते अडखळले. बाई इतक्या हसल्या, की गुरुजींचं गणित चुकलं. मला वाटलं, झालं, ऑफिस वाचलं. नझीरभाईंनी माझ्याकडं बघून डोळा मिचकावला.

बाईंनी वर्ग पाहिले, वाचनालय पाहिलं, मग व्हरांड्यात येऊन उभ्या राहिल्या. डोक्यावर सूर्य होता, पण हिवाळ्यातला, दक्षिणेकडं कललेला. बाईंनी पायाशी पडलेली आपली सावली पाहिली. मग वर पाहिलं. मग पुन्हा सावली.

"मिस्टर म्याकल, ही बाजू कुठली?"

"दक्षिण, मॅडम."

"व्हरांडा दक्षिणेला का?"

"उन्हासाठी," म्याकलसाहेब म्हणाले आणि त्यांनीही वर पाहिलं.

"आमच्याकडे ऊन उत्तरेकडून येतं," बाई शांतपणे म्हणाल्या. "वर्षातले बहुतेक दिवस. तुम्ही आमच्यात इतकी वर्षं राहता."

पृथ्वीच्या मधून विषुववृत्त जातं, हे मी केमच्या शाळेत पाठ केलं होतं. आम्ही वर, झांबिया खाली. म्हणजे त्यांचा सूर्य त्यांच्या उत्तरेला. हे नझीरभाईंना माहीत होतं, अण्णांना माहीत होतं, म्याकलसाहेब तर रोज त्याच सूर्याखाली ऑफिसला जात होते. आणि सगळ्यांनी मिळून लुसाकात सोलापूरची शाळा काढली होती. बरोबर उलटी. तिथल्या पोरींच्या तोंडावर दिवसभर ऊन आणि पाठीमागे एक सुरेख, निरुपयोगी, गार व्हरांडा.

म्याकलसाहेब जवळच्या दगडावर बसले. तो दगड नेमका मुख्याध्यापिकांच्या केबिनमध्ये होता. गुरुजींनी हवेतला फळा खाली ठेवला.

अण्णांनी छत्री जमिनीत रोवली, तिची सावली पाहिली, मग मान वर करून सूर्याकडं पाहिलं. शेजारी न सांगता घर सोडून गेल्यावर माणूस त्याच्या बंद दाराकडं बघतो, तसं. मग त्यांनी बाईंना इंग्रजीत विचारलं, "सूर्य हलवता येणार नाही ना, मॅडम?"

"मी विचारून बघते," बाई म्हणाल्या.

"तोवर आपण व्हरांडा हलवू." अण्णा पोरांकडं वळले. "ए, उठा रे सगळे. व्हरांडा उचला."

पोरांनी एकमेकांकडं पाहिलं. मग पुढच्या रांगेतली एक चुणचुणीत मुलगी उठली, व्हरांड्याच्या रेघेशी वाकली आणि हवेत काहीतरी धरलं. तिच्या मागोमाग सगळा वर्ग. रेघेच्या कडेनं पोरं ओळीनं वाकून उभी राहिली.

"एक, दोन, आणि उचल."

"लई जड हाय की ओ," एक पोरगा दात खाऊन म्हणाला.

"दगडी हाय. खांब सांभाळ. तुझा खांब तिरका व्हायलाय बे."

"वर्गावरनं न्यायचा का?"

"वर्गात गुरुजी हायत. वळसा घालून न्या."

तो न दिसणारा व्हरांडा खांद्याला लावून चौथीचा वर्ग शाळेला वळसा घालायला निघाला. कोपऱ्यावर वळताना लांबी जास्त असल्यानं मागच्या पोरांना धावावं लागलं, आणि ती धावली. कुणी मध्येच हात सोडला, तर बाकीची त्याच्यावर खेकसत होती, पडेल की. तेवढ्यात मिसेस तेंबो पुढं झाल्या आणि त्यांनी एक कोपरा धरला. म्याकलसाहेब दगडावरून उठले आणि त्यांनी दुसरा धरला. अण्णा मागं मागं सरकत, छत्रीनं खुणा दाखवत ओरडत होते, "आता हळू. टेकवा. बोटं काढा आधी." सगळ्यांनी बोटं काढली. एका पोरीनं बोट फुंकलं, चेंगरलं म्हणून.

व्हरांडा उत्तरेला बसला. मग खिडक्या उचलून दक्षिणेला आणल्या. त्या हलक्या होत्या, एकेका पोरानं एकेक नेली.

बाई नव्या व्हरांड्यात जाऊन उभ्या राहिल्या. आता त्यांच्या पाठीवर सोलापूरचं ऊन होतं आणि समोर, व्हरांड्याबाहेर, काहीच नव्हतं. त्यांनी डोळे मिटले. काही वेळानं म्हणाल्या, "हो. आता मी घरी आहे."

गंमत अशी, की कागदावरही फार काही करावं लागलं नाही. नकाशा पारदर्शक ट्रेसिंग कागदावर होता. अण्णांनी दुसऱ्या दिवशी तो पालथा घातला. दक्षिण उत्तरेला गेली, आणि पूर्वेचं फाटक पूर्वेलाच राहिलं. फक्त अक्षरं उलटी झाली. ती खरवडून आम्ही सरळ लिहायला बसलो. एका कागदावरची अण्णांची सही तेवढी उलटी राहून गेली. नझीरभाईंनी ती दाखवली, तर अण्णा म्हणाले, "राहू दे. त्या दिवशी मी तसाच होतो."

संध्याकाळी खालच्या हॉटेलात दोघं भागीदार बसले होते. मी बिल द्यायला म्हणून जवळ उभा होतो.

"काय बे व्यंक्या," अण्णा म्हणाले, "पायरीची उंची दोनदा विचारलास. सूर्य एकदा विचारायचा होतास की."

म्याकलसाहेब चमचा फिरवत म्हणाले, "खरं सांगू मल्ल्या? खिडकीबाहेर तिथलं ऊन असायचं. पण तुझी गुंडाळी उघडली, की मी हितं असायचो. मी सोलापुरातच बघायलो होतो ती शाळा. पूर्व भागातल्या आमच्या शाळेचा व्हरांडा आठवतो का?"

"त्याच व्हरांड्यात तुला मी मारलो होतो."

"मी मारलो होतो तुला."

यावर ते इतका वेळ भांडले, की हॉटेलवाल्यानं पंखा बंद केला.

मिसेस तेंबोंनी काम पसंत केलं. पुढच्या दोन शाळांचे नकाशेही सोलापुरातच काढायचे ठरले. पण एक अट घातली. ज्यानं हा व्हरांडा उचलायला लावला, त्यानं एक वर्ष तरी आमच्या उन्हात येऊन उभं राहावं. ऑफिस सोलापुरात ठेवायचं, तर अण्णांना सोलापूर सोडावं लागणार होतं. ज्याला कुलूप लागू नये म्हणून ते इतके महिने झटले होते, त्याच्या जिन्यावरून त्यांनाच खाली उतरायचं होतं.

आम्हाला वाटलं, अण्णा काहीतरी युक्ती काढतील. लुसाकाच्या घड्याळाकडं बघून दचकतील आणि फोन आला म्हणतील. ते त्या घड्याळाकडं बघत राहिले खरे. मग म्हणाले, "वाक्य माझंच हाय. सदरा भिजवून येतो." आणि म्याकलसाहेबांना म्हणाले, "माझ्या खुर्चीत तू बस. आठ वर्षं हितलंच ऊन बघायलास, आता अंगावर घे. पोरांना बे म्हणत जा, सवय मोडू नको."

अण्णा एका वर्षासाठी गेले आणि तिन्ही शाळा उभ्या राहीपर्यंत तिथं राहिले. लुसाकाचे ठेकेदार फक्कीला हसायचे बंद झाले, असं कळलं. इकडं म्याकलसाहेब ऑफिसात बसले. त्यांनी लुसाकाचं घड्याळ काढलं नाही. तेही कंटाळवाण्या माणसांसमोर त्याच्याकडं बघून दचकायला शिकले. पण त्यांना ते अण्णांसारखं जमायचं नाही. ते खरंच बघत राहायचे.

अण्णा परत आले, तोवर मी ऑफिस सोडून स्वतःचं छोटं काम सुरू केलं होतं. त्यालाही अण्णांचीच शिफारस होती, झांबियाच्या तिकिटाच्या पाकिटातून आलेली. मी भेटायला निघालो, तो ऑफिसपर्यंत पोचलोच नाही. हिवाळ्यातली दुपार होती. नवी पेठेच्या तोंडाशी मला ते दोघं दिसले. रस्त्याच्या एका बाजूला दुकानांची सावली पडली होती. त्या सावलीतून म्याकलसाहेब चालले होते. आणि समोरच्या, उत्तरेच्या बाजूनं, भर उन्हातून, मल्लूअण्णा. केस पांढरे झालेले, छत्री मिटलेली, काखेत.

"मल्ल्या, काय करायलास बे तिकडं?" म्याकलसाहेब रस्त्यापलीकडून ओरडले. "सावली हिकडं हाय."

अण्णा थांबले. त्यांनी सावलीकडं बघितलं, मग आपल्या पायाकडं. "आयला. तिथं ह्याच बाजूला असती रे. पायाला सवय झालीय."

"मग ये की हिकडं."

"थांब, पाय ऐकंनात. तूच ये."

मधून सायकली जात होत्या, टांगे जात होते. मी हाक मारणार होतो, पण मारली नाही. म्याकलसाहेबांनी डावीकडं पाहिलं, उजवीकडं पाहिलं, कपाळावर हात आडवा धरला आणि सावली सोडून रस्ता ओलांडला. पलीकडं पोचल्यावर त्यांनी अण्णांच्या काखेतली छत्री ओढून घेतली, उघडली आणि दोघांच्या डोक्यावर धरली. अण्णा तिच्या दांड्यावरच्या खुणा बघत काहीतरी बोलले. बहुधा छत्री वाकडी धरलीय, असं. म्याकलसाहेबांनी सरळ केली नाही. तसेच दोघं उन्हाच्या बाजूनं चालत गेले.